आवाज न करणारी गाडी

रुमिलोमा, ३ सप्टेंबर

क्लेवर,

हे पत्र भाजलेल्या कुयच्या, आपल्या घरच्या गिनीपिगांच्या खाली, पिठाच्या पिशवीत घातलंय. खोकं तुझ्या आईसमोरच बांधलं, पण तिला दिसलं नाही. कुरिअरवाला म्हणाला, चार दिवसांत न्यूयॉर्कला पोचेल. फोनवर मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. फोन तिचा, स्पीकर चालू, आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तर तिचं. म्हणून लिहिते. शाळा सहावीपर्यंतच झाली माझी, हसू नकोस.

मी घाबरले आहे. फोनवर मी म्हटलं होतं की दामारिस बरी आहे. बरी नाही. सातव्या महिन्यात झालेलं लेकरू, त्यात आपलं गाव एवढ्या उंचीवर. ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला असली की बोटाचा चिमटा ब्याण्णव दाखवतो. मशीन बंद की सत्त्याऐंशी. ओठ निळे होतात. कुएंका शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्वदच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आणि आता लोडशेडिंग सुरू झालंय. धरणात पाणी नाही म्हणे. काल दोन तास वीज गेली आणि मी दोन तास त्या आकड्याकडे बघत बसले. सिलिंडर एकच आहे, तो संपला की भरायला कुएंकालाच जावं लागतं.

आता गाडीचं. तुझा चुलतभाऊ विदाल मला आणि तुझ्या आईला शोरूममध्ये घेऊन गेला. दोन्ही मोठ्या, सात माणसांच्या. एक लाल, नुसत्या पेट्रोलची. दुसरी पांढरी, तिला पेट्रोलही लागतं आणि घरातल्या प्लगवर चार्जही करायची. त्या पांढरीच्या डिकीत सॉकेट आहे. विकणाऱ्या पोराने तिथे मिक्सर लावला आणि केळ्याचं दूध करून आम्हाला पाजलं. गाडी बंद, आणि मिक्सर चालू! मी विचारलं, ऑक्सिजनचं मशीन चालेल का? तो म्हणाला, "ताई, तुमचं सगळं घर चालेल."

तुझी आई म्हणाली, "हिचा आवाजच येत नाही. माझ्या लेकाची गाडी आली हे गावाला कळणार कसं?"

कागदावर सही माझी लागणार, कारण तू इथे नाहीस. मला भीती वाटते. मी आजवर कोंबडीसुद्धा एकटीने विकत घेतली नाही. तू सांग.

लाउरोची आई बाजारात भेटली. तुम्ही एका खोलीत राहत होतात, तर तिचा लेक शेवटी काही बोलला का, विचारतेय. झोपेत हृदय बंद पडलं एवढंच तू सांगितलंस. तिच्यासाठी दोन ओळी लिही.

नुबे


क्वीन्स, न्यूयॉर्क, १० सप्टेंबर

नुबे,

कुय पोचला. एकाचा पाय मी कुरिअरच्या दुकानातच खाल्ला. पत्राला पिठाचा वास येतोय. हसलो नाही, शपथ. तू बोलतेस तसंच लिहितेस.

बाळाचं मला आधी का नाही सांगितलंस? आई म्हणते गुबगुबीत झाली. मी इथे भिंती लिंपतो आणि सगळ्यांना गुबगुबीत म्हणून सांगत फिरतो.

आता नीट ऐक. माझं मन लाल गाडीवर आहे. पेट्रोलची गाडी कान्यारमधला कोणीही मेकॅनिक उघडेल, दुरुस्त करेल, शिव्या देईल आणि चालू करेल. घाट चढेल. प्लगच्या गाडीला प्लग तर हवा ना? तुमच्याकडे वीजच नाही, तर तू तिला काय, शेळीसारखा चारा घालणार? वेडे, दुष्काळात नळ विकत घेतेयस तू.

हे लिहिलं आणि मग दुपारभर मला तो मिक्सर दिसत राहिला. मी इथून मशीन चालवू शकत नाही. सिलिंडर भरून आणू शकत नाही. लेकीला मी फक्त फोनच्या काचेवर पाहिलंय. रात्रंदिवस तिच्याजवळ बसतेस ती तू. मग तूच ठरव. तू ज्या कागदावर सही करशील ती माझी गाडी. आईला मी फोनवर सांगतो.

लाउरो काही बोलला नाही. झोपेतच गेला. तसंच सांग त्याच्या आईला. मी खोली बदललीय. वरच्या मजल्यावर आहे आता. खिडकी आहे.

क्लेवर


रुमिलोमा, २४ सप्टेंबर

क्लेवर,

पांढरी घेतली.

सही केली, पण कागदावर माझं नाव दुसऱ्याच कुणाचं वाटतंय. तुझी आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. विदालशी बोलायची, मी ऐकेन अशा आवाजात, "माणूस बर्फात मरतोय, आणि इथे सहावी पास बाई मुकी गाडी आणते."

मग रविवारी पाद्रीबाबांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं. बायकांनी बॉनेटवर कार्नेशनची फुलं बांधली, आणि विदालने चौकात तीन फेऱ्या मारल्या, सारखा हॉर्न वाजवत. आवाज नाही ना, म्हणून हॉर्न! तुझ्या आईनेच त्याला सांगितलं होतं. ती पुढच्या सीटवर बसली होती, हॅट घालून. उतरली तेव्हा मला म्हणाली, "सीट मऊ आहे." म्हणजे झालं.

परवा सकाळी आठला वीज गेली. गाडी तू बांधून घेतलेल्या गॅरेजमध्येच होती. विदालने शिकवलं तसं मी बटण दाबलं, डिकीत वायर लावली, ती वायर मधल्या दारातून आमच्या खोलीत आणली आणि मशीनला जोडली. क्लेवर, मशीन लागलं! सगळं गाव बंद, चर्चची घंटा सोडून काही नाही, आणि माझ्या खोलीत ते घरघरतंय. ब्याण्णव. बारा वाजेपर्यंत ब्याण्णव. मी तिच्याशेजारी बसून कपडे धुतले. एरवी मी काही धुवू शकत नाही, तिचा हात सोडवत नाही.

विकणाऱ्या पोराला मी विचारून ठेवलंय, बॅटरी संपली तर? म्हणाला, काळजी नको, पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं, वीज करतं, पुन्हा आपोआप बंद होतं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

तूच सांग, बरं केलं ना मी?

नुबे


क्वीन्स, २ ऑक्टोबर

नुबे,

बरं केलंस. शंभरदा बरं केलंस. पत्र मी कामावर वाचून दाखवलं. एक पुएब्लाचा गवंडी आहे, तो म्हणतो, "तुझ्या बायकोला इथे पाठव, मुकादम कर."

आता माझं ऐक. गॅरेजचं गेट बंद ठेव. दिवसासुद्धा. कुलूप लाव आणि किल्ली आईजवळ दे. परदेशात नवरा, घरात तीन बायका, त्यातली एक नऊ महिन्यांची, आणि नवी गाडी. आपल्या गावात लोक हार घालतात आणि मागून चाकंही नेतात. मी ते लोखंडी गेट जाड पत्र्याचं उगाच नाही करून घेतलं. माझं एवढं एकच काम तिथे उभं आहे, त्याचा उपयोग होऊ दे.

थंडी वाढली असेल. बाळाच्या खोलीत हीटर लाव. गाडी आहे ना आता.

फोटो पाठव. गाडीचा नको. दोघींचा.

क्लेवर


रुमिलोमा, २२ ऑक्टोबर, मंगळवार

क्लेवर,

आता चौदा चौदा तास वीज नसते. येते ती मध्येच, केव्हाही, आणि गाडी पोटभर चार्ज होत नाही. पण तुझी आई बदलली बघ! आधी मुकी म्हणायची, आता सगळ्या गल्लीला बोलावते. "या, माझ्या क्लेवरच्या गाडीवर लावा." सकाळी डिकीपाशी रांग असते. फोन, बॅटऱ्या, खाटकीणबाईचा फ्रीजर. शिक्षिका प्रिंटर घेऊन आली. मी म्हटलं, आई, मशीनला कमी पडेल. तर म्हणते, "शेजाऱ्याला नाही म्हणणारी गाडी काय कामाची?" मला तिला अडवता येत नाही. तू सांगितलेला हीटरही लावलाय. इंजिन सुरू होत असेल मधूनमधून, पेट्रोल कमी झालंय म्हणून विदाल सांगत होता. मला तर ऐकूच येत नाही. खरंच किती शांत आहे.

गेट तू म्हणालास तसं बंद असतं. शेजारणी स्वयंपाकघरातून येतात. गेटखालून गार वारा यायचा, तिथे मी गोणपाट दाबून बसवलंय. मधलं दार मात्र वायरीमुळे लागत नाही.

आणि एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून आज लिहिते. काल दुपारी मी चिमटा लावला, तर सत्त्याण्णव! मी काढून पुन्हा लावला. सत्त्याण्णव. क्लेवर, तिचा आकडा आजपर्यंत कधी एवढा झाला नव्हता. आणि गाल गुलाबी. निळे नाहीत, गुलाबी, इतर बाळांसारखे. झोपलीही किती शांत, दूध मागायलासुद्धा उठली नाही. मी तुझ्या आईला हाक मारली, दोघी बघतच राहिलो. तिने पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

माझं मात्र डोकं फुटत होतं, उलटी झाली. खाटकीणबाईलाही चक्कर आली. तुझी आई म्हणाली, दृष्ट लागली, गाडीला आणि आपल्याला, एवढी माणसं डोळे लावून जातात. तिने अंड्याने आणि सताबाच्या पाल्याने आम्हा दोघींची दृष्ट काढली. अंडं फोडलं तर आत ढगाळ निघालं. आता ती गेटची वरची फटही बुजवणार आहे, रस्त्यावरून कुणाला गाडी दिसायला नको म्हणून.

पण बाळ बरी होतेय. मला झोपेतही हसू येतं.

नुबे


क्वीन्स, २६ ऑक्टोबर, शनिवार

नुबे,

गेट उघड. गाडी बाहेर काढ. बाळाला अंगणात ने.

हे पत्र पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, मला माहीत आहे. मी कुरिअरच्या दुकानात उभा राहून तुझं पत्र वाचलं आणि तिथूनच फोन लावला. आईचा फोन बंद. विदालचा बंद. टॉवरलाही वीज नाही. चाळीस वेळा लावला. पाद्रीबाबांचा लागला, कोणी उचलला नाही. मग कान्यारच्या रेडिओचा नंबर मिळवला. त्यांचं जनरेटरवर चालतं. निरोप वाचतो म्हणाले. वाचतील. पण तू ऐकशील का, तुझ्याजवळ रेडिओ आहे का, मला ठाऊक नाही. माझ्या बायकोजवळ रेडिओ आहे की नाही हे मला ठाऊक नाही.

आता हाताला काही काम नाही म्हणून लिहितोय.

लाउरोचं हृदय बंद पडलं नव्हतं. आम्ही तळघरात राहत होतो. वादळात वीज गेली. आम्ही एक लहान जनरेटर आणला आणि जिन्याखाली ठेवला, वरचं दार लावून घेतलं, मालकाला कळू नये म्हणून. मी कामावर गेलो. तो थंडी वाजते म्हणून राहिला. मी सकाळी आलो तेव्हा त्याचे गाल लाल होते. मला वाटलं, किती दिवसांनी बरा झोपलाय. मी त्याच्यावर पांघरूण घातलं, नुबे. पांघरूण घालून चहा केला.

इंजिनाच्या धुरात विष असतं, त्याला वास नसतो. हे मी तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू गोणपाट लावलंच नसतंस. त्याच्या आईला वाईट वाटेल म्हणून खोटं बोललो. खरं म्हणजे तळघरात राहतो हे तुम्हाला कळू नये म्हणून. आणि गेट बंद ठेव हे कोणी सांगितलं? मी. हीटर लाव कोणी म्हटलं? मी.

तू ये म्हणालीस तर मी उद्या निघतो. माझ्याकडे इथले कागद नाहीत, निघालो की परत इकडे येता येणार नाही, आणि मग औषधं, सिलिंडर, काहीच पाठवता येणार नाही. तरी निघतो. ये म्हण किंवा नको म्हण.

देवा, कोणीतरी रेडिओ लावलेला असू दे.

क्लेवर


रुमिलोमा, ५ नोव्हेंबर

क्लेवर,

ती आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

टॉवर आला तेव्हा तुझ्या आईने "पोरगी जिवंत आहे" एवढं सांगितलं तुला, आणि फोन गेला. उरलेलं मी सांगते.

बुधवार ते शुक्रवार वीज रात्री बराच वेळ होती, म्हणून गाडी भरली आणि इंजिन लागलंच नसावं. आमची डोकी दुखायची थांबली, तुझी आई म्हणाली, बघ, अंड्याचा गुण. शनिवारी पुन्हा वीज नव्हती. सकाळीच मी मशीन जोडलं, शेजाऱ्यांनी आपापलं जोडलं आणि ते गेले. मी बाळाजवळ आडवी झाले. उठायचं मनात होतं. पाय माझे नव्हतेच.

तुझी आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिचा तो जुना रेडिओ, सेलवरचा. आधी कुणाची हरवलेली गाय सांगितली, मग कुणाच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना. मग रेडिओवाला म्हणाला, "रुमिलोमाच्या नुबे गुआमान हिला नवऱ्याचा न्यूयॉर्कहून निरोप. गाडी बंद कर. गेट उघड. बाळाला बाहेर ने. पुन्हा वाचतो." मी ऐकलं, क्लेवर. माझं नाव ऐकलं. मला वाटलं, स्वप्नात तू बोलावतोयस, आणि मी पडूनच राहिले. तिसऱ्यांदा वाचून तो माणूस स्वतःच ओरडला, "शेजारी कोणी ऐकत असेल तर धावा हो!"

अख्खं गाव धावलं. सगळ्यांचे रेडिओ चालू असतात, वीज नसली की दुसरं करणार काय. बाहेरून गेटवर हातच हात आपटत होते. किल्ली तुझ्या आईच्या कमरेला. घाईत कुलपात किल्ली जाईना. शेवटी खाटकीणबाईने स्वयंपाकघरातून येऊन मला केसांना धरून ओढलं, बाळाला काखेत घेतलं आणि मागच्या दाराने मक्याच्या शेतात नेऊन ठेवलं. तिथे मला जाग आली. बाळाचे गाल गुलाबी होते आणि ती उठत नव्हती.

विदालने त्याच गाडीतून कुएंकाला नेलं. दुसरी कुठली होती? सगळ्या काचा उघड्या. वाटेत कुठेही आवाज आला नाही, ना गाडीचा ना तिचा.

सहा दिवस ठेवून घेतलं. मोठा ऑक्सिजन दिला. आता डोळे उघडते, दूध पिते. पण आधी खुळखुळा दिसला की हात करायची. आता बघते, आणि बघतच राहते. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, हात कधी करेल? म्हणाल्या, वाढेल तसं कळेल. मी म्हटलं, पण आकडा तर सत्त्याण्णव होता. तर म्हणाल्या, त्या चिमट्याला तो धूर ओळखता येत नाही, तो धुरालाच ऑक्सिजन समजतो. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझी आई घरी आली ती तडक गेटपाशी गेली. विदालला हाताशी घेऊन तिने ते बिजागऱ्यांसकट काढलं. आता भोकच आहे तिथे. गाडी गल्लीत उभी असते, तोंड रस्त्याकडे, आणि वायर अंगणातून खिडकीत येते. तुझी आई बंपरपाशी स्टुलावर काठी घेऊन बसते. फोन चार्जिंगला कोणी आणला की म्हणते, "चालते व्हा." काल मला म्हणाली, "आवाज नाही, म्हणून मी नको म्हणत होते. आवाज असता तर..." आणि शालीचं टोक तोंडाला लावलं. लाल घेतली असती तर आवाज आला असता. लाल घेतली असती तर मशीन बंद पडलं असतं. मी रोज मनातल्या मनात दोन्ही गाड्या घेऊन बघते. दोन्हीत ती मरते.

लाउरोचं त्याच्या आईला मी सांगितलेलं नाही. पत्र उशीखाली आहे. ती बाजारात दिसली की मी रस्ता बदलते. तूच सांग तिला, माझ्याकडून नाही होत.

आणि तू ये की नको, ते मला विचारू नकोस. तू आलास तर तुला मिठी मारेन आणि सिलिंडर संपेल. नाही आलास तर सिलिंडर भरेल आणि मी अशीच राहीन. याच्यावरही सही माझीच लागणार का? मला नाही कळत, क्लेवर. गाडीचंही मला कळत नव्हतं.

आज सकाळी आठला वीज गेली. गाडी गल्लीत सुरू केली. वाऱ्याने वायर हलली आणि डिकीतून निसटली, मशीन बंद पडलं. मी चिमटा लावला. सत्त्याऐंशी. ओठ निळे व्हायला लागले होते. तुझी आई पळत येऊन म्हणाली, "किती? किती आहे?"

मी सांगितलं. या वेळी आकडा खरा होता, आणि आम्ही दोघी, तुला खोटं वाटेल, हसायला लागलो. मग मी बाहेर जाऊन वायर लावली.

नुबे